इथे आता गार आहे

आई,

आठ दिवस झाले, स्वयंपाकघराची खिडकी उघडी आहे. मे महिन्यात बंद केली होती. जाळीवर इतकी धूळ बसली होती की आधी ब्रशने खरवडली, मग धुतली. एसी बंद केला तेव्हा घर एवढं शांत झालं की मला वाटलं वीजच गेली. मग हळूहळू एकेक आवाज आत यायला लागला. खालच्या मजल्यावरचा कुकर, समोरच्या इमारतीत फोनवर मल्याळममध्ये कुणाला तरी झापणारी बाई, कबुतरं. वारा आला तोही गार. ओट्याशी उभी राहून मी चहा प्यायले, आणि प्यायचा म्हणून प्यायले नाही, चवीने प्यायले. इथे आखातातल्या शरदात पानगळ वगैरे काही नसते, कारण झाडंच मुळात मोजकी. तो ओळखायचा माणसांवरून. अझीझियातल्या आमच्या गल्लीत माणसं चालताना दिसायला लागली, पार्कात सतरंज्या पडायला लागल्या, की समजायचं नोव्हेंबर आला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून सावकाश लिहिते आहे. उद्या रविवार. उद्या घरमालकाला कळवायचं होतं की मार्चअखेर आम्ही घर सोडतोय. लेकीची दहावी होईल, मग ती आणि मी पुण्याला जायचं आणि तुझ्या जावयाने इथेच, दोन सहकाऱ्यांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहायचं, असं ठरलेलं. ठरवलं त्यानेच, आणि माझ्यासाठी. मी लेकीच्या शाळेत सांगून टाकलं, मैत्रिणींना सांगितलं. जो तो म्हणतो, सुटलीस बाई. मी हसते. हल्ली हसायचाही कंटाळा येतो.

तू आलीस ती माझ्या बाळंतपणाला, जूनमध्ये. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलंस आणि उलटी फिरून परत आत गेलीस. तुझा जावई ट्रॉली घेऊन बाहेर, तू आत, आणि मी माझं पोट सांभाळत मधे उभी. त्यानंतर तीन महिने तू ह्याच फ्लॅटमध्ये होतीस. सकाळी सातलाच पडदे ओढून घ्यायचीस. गार पाण्याच्या नळाला चटका बसतो हे तुला काही केल्या पटत नव्हतं. गच्चीवरची टाकी तापते गं, मी सांगायचे, आणि तू म्हणायचीस, "मग गार पाणी कुठल्या नळाला येतं?" शेवटी बाळाच्या आंघोळीसाठी तू आदल्या संध्याकाळी बादली भरून ठेवायला लागलीस. डिंकाचे लाडू वळता वळता एकदा म्हणालीस, "एवढी इंजिनियर केली ती ह्या खोक्यात बसायला व्हय?" आता मी स्वयंपाकघरात बसले आहे. तू जिथे पाट टाकून बसायचीस तिथे वॉशिंग मशीन आहे. खोकं म्हणालीस तेव्हा मला तुझा राग आला होता, आणि तू लाडू मोठे वळतेस म्हणून मी तुझ्याशी भांडले होते.

तू मायाळू नव्हतीस, आई. असतीस तर मी असं लिहिलं नसतं. चार पोरं, सासूचं दुखणं, बाबांच्या बदल्या, यात जवळ घेऊन बसायला तुला वेळ नव्हता, आणि पुढे वेळ मिळाला तेव्हा सवय उरली नव्हती. माझा बोर्डात नंबर थोडक्यात हुकला तेव्हा तू विचारलंस, "कुठल्या विषयात गेले?" इथून फोन केला की पहिल्या मिनिटाला भाजी काय केलीस आणि दुसऱ्या मिनिटाला ठेव आता, बिल येतंय. फोन फुकट झाले तरी तुझं बिल येतच होतं.

फक्त एका गोष्टीला तू विरघळायचीस. मी म्हटलं, "गरम होतंय गं फार," की तुझा आवाज बदलायचा. "बाई गं! कशी राहतीस तू तिथं? ताक पी. डोक्याला ओलं फडकं बांध. उन्हाची भायेर पडू नको, माझी बाय." माझी बाय! हे तू मला समोरासमोर कधी म्हणाली नव्हतीस. मला ते ऐकायची चटकच लागली. जून-जुलैत खरं होतं, ऑक्टोबरमध्ये थोडं वाढवून सांगायचे. नंतर नोव्हेंबर आला, डिसेंबर आला, आम्ही स्वेटर घालून समुद्रावर शेंगा खात बसलेलो असायचो, आणि मी तुला फोनवर सांगायचे, "काय सांगू आई, नुसती भट्टी आहे." तू जावयाला फोन द्यायला लावून त्याला बोलायचीस, पोरीला परत आण म्हणून. त्याने ते मनावर घेतलं. आणि तू? तुला मी किती वेळा ये म्हटलं. "त्या भट्टीत नको गं बाई परत," म्हणायचीस. बरोबरच होतं तुझं. इथे दुसरा ऋतू असतो हे तुला सांगितलं होतं कुणी?

काल शुक्रवारी आम्ही उत्तरेला एका मळ्यावर गेलो. तासाभराचा रस्ता, दोन्ही बाजूंना तेच ते पिवळट माळरान, आणि मग एकाएकी खजुराची रांग आणि तिच्यामागे हिरवंगार. या दिवसांत असे मळे शुक्रवारी लोकांसाठी उघडे असतात. टोमॅटो, दुधी, मुळे, आणि मेथी. पाणी मारलेल्या मेथीला जो वास येतो तो वास. कडेला एक बोरीचं झाड होतं, आपलीच बोर, तिला इथे सिद्रा म्हणतात. तुझ्या जावयाने तिच्या सावलीत घडीच्या खुर्च्या मांडल्या, कागदी पेल्यांत करक, म्हणजे इथला वेलची घातलेला कडक चहा, आणला. लेक शेळीच्या पिल्लामागे पळत होती. "आई, इट्स सो नाइस टुडे!" एवढी मोठी घोडी झाली तरी पळत होती. मी चप्पल काढून पाय मातीत ठेवले. माती ओली होती.

आमचं मराठी ऐकून एक माणूस जवळ आला. कुठल्या तरी साहेबाच्या घरच्यांना गाडीतून घेऊन आला होता. जालन्याकडचा.

"ताई, आता मार्चपतूर बगा नुसतं मस्त," तो म्हणाला. "पर घरी न्हाई सांगत म्या. घरी आपलं सांगायचं, लई हाल हायेत."

"का हो?" तुझ्या जावयाने विचारलं.

"गार हाय म्हणलं तर म्हणतील, ह्यो तिकडं मजा मारायलाय. हाल म्हणलं की बायकू नीट बोलती." आणि खदाखदा हसला. तुझा जावईही हसला. मला काही हसता आलं नाही. तो गेल्यावर हा मला म्हणाला, "बघ, पुढच्या नोव्हेंबरात तू पुण्यात. संपले तुझे हाल."

मी हो म्हणणार होते. तोंडात तेच आलं होतं. पण थकले गं मी. उन्हाने नाही, त्या तक्रारीने थकले. पंधरा वर्षं एकच गाऱ्हाणं सांगायचं आणि त्यावर सगळ्यांनी कीव करायची, आणि आता त्या गाऱ्हाण्यापायी नवरा एकीकडे, मी दुसरीकडे. परतीच्या रस्त्यावर, हायवेला लागल्यावर, मी म्हटलं, "मला जायचं नाही."

"कुठे?"

"पुण्याला. मला इथे आवडतं."

त्याने गाडीचा वेग कमी केला. मागून लेकीने कानातली गाण्याची बटणं काढली. मग तो म्हणाला, "अगं, मग मला काय हौस होती तिघा पुरुषांत राहून खिचडी खायची?" त्याचा आवाज चिडका होता, पण डोळे भरले होते, मी पाहिलं. "आणि एवढी वर्षं रडत का होतीस?"

"सवय," मी म्हटलं.

"सो वुई वेअर अ‍ॅक्च्युअली गोइंग फॉर यू?" लेकीने विचारलं. मी घरी येऊन मेथी निवडत बसले. अकरावी तिची इथेच होईल, घरमालकाला उद्या तो सांगेल की आम्ही राहतोय.

सवय म्हटलं ते अर्धवट होतं. खरं कारण त्याला सांगता आलं नाही. तू गेलीस त्याच्या आदल्या आठवड्यात, फेब्रुवारीत, दादाच्या घरून व्हिडिओ कॉल होता. तुला बोलताना धाप लागत होती, दिसतही धड नव्हतं. इथे दिवसभर बोचरं वारं सुटलं होतं आणि मी शाल गुंडाळून बसले होते. तू विचारलंस, "गरम होतंय का गं तिकडं?" मी म्हटलं, "हो, फार." तेव्हा तू मान वळवून वहिनीला म्हणालीस, "अगं, तो पंखा माझ्यावरनं काढ, फोनकडं फिरव. पोरगी घामानं भिजली आसंल." वहिनीला माझी शाल दिसत होती. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली, आणि मग तिने पंखा फिरवला. तुझे केस उडायचे थांबले. मी शाल खाली सरकवली आणि म्हटलं, "आता बरं वाटतंय, आई."

आणि खरंच वाटलं होतं गं.