निळ्या फुलाचा फळा

२ ऑगस्ट १९३६, रविवार
निश्चय झाला. 'इंदापूर तालुक्यातील रानफुले व रानफळे' हा ग्रंथ मी लिहिणार. दोनशे वनस्पती. दिवाळीपूर्वी पूर्ण. लहानपण पुण्याच्या पेठेत गेले हे खरे, पण निरीक्षणशक्ती उपजत आहे. कळंबजवळच्या या खेड्यात हेडमास्तर म्हणून बदली झाली तेव्हा शिक्षा वाटली होती. आता तीत ईश्वरी योजना दिसते. इथले लोक जन्मभर रानात राहून आंधळे. भिंग काढले, वही शिवली. कुटुंबाला बजावले की जुनी वर्तमानपत्रे चुलीत घालू नयेत, स्पेसिमेन वाळवायला लागतील. बरे म्हणाली. प्रयागचा स्वभाव वाईट नाही, पण कुतूहल म्हणून नाही.

५ ऑगस्ट, बुधवार
पहिला शोध! माळावर पिवळ्याधमक फुलांचे झुडूप. दुर्मिळ. अर्धा तास वर्णन लिहिले. तेवढ्यात बिरदेव मेंढ्या घेऊन आला. म्हणाला, तरवड हाय, हितनं भिगवणपत्तोर ह्येच हाय. मेंढक्याशी वाद घालणे हेडमास्तराला शोभत नाही. नाव 'तरवड' लिहिले, 'दुर्मिळ' तसेच ठेवले. रंगाची नोंद मात्र झकास उतरली: 'हळदीहून उजळ, लिंबाहून गडद.' रंग ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

९ ऑगस्ट, रविवार
बांधावर वाटाण्याएवढी काळी फळे. करवंदाची बुटकी जात, असा निर्णय दिला. चव पाहणे शास्त्राला आवश्यक. अठरा काळी खाल्ली, तुलनेसाठी बारा हिरवी.

१० ऑगस्ट, सोमवार
शाळेला रजा. शास्त्रासाठी सोसावे लागते. बिरदेव म्हणतो ती कामोनी, पिकली की पोरेही खातात, पण हिरवी शेळीसुद्धा खात नाही. प्रयागने ताकभात दिला आणि उरलेली हिरवी फळे उकिरड्यावर टाकली. शास्त्राची कदर म्हणून नाही.

१६ ऑगस्ट, रविवार
ओढ्याकाठी फुलाबाईच्या छपरासमोर दर रविवारी जत्रा भरते. म्हातारी काविळीचे औषध देते. पार बारामतीहून माणसे येतात. पैसा घेत नाही, देवापुढच्या दिव्याला तेल तेवढे घेते. पहाटे कोणाशी न बोलता रानात जाते, पाला आणते, वाटून गोळी करते. नाव विचारले. सांगेना. म्हणाली, ज्याला नाव ठावं, त्याला गुण न्हाय, आन त्येच्या घरालाबी न्हाय. कोण म्हणते असे? सासू म्हणायची! मी तिला सायन्स म्हणजे काय ते पाऊण तास समजावले. रांगेतली पिवळी माणसे उगाच चुळबुळ करीत होती. नाव मी शोधणारच. ग्रंथाचे शेवटचे प्रकरण ठरले.

२२ ऑगस्ट, शनिवार
पाळत यशस्वी. रविवारी पहाटे उठणे जिवावर येते. शनिवारी सकाळच्या शाळेमुळे उठावेच लागते, म्हणून आजच उरकले. तरवडाआड दबा धरून बसलो. फुलाबाई ओढ्याच्या ओलीत वाकली, विळ्याने पाला कापला, ओटी भरून गेली. मागे उरले ते तपासले. रसाळ देठ, पेरापेराला मुळे, इवली निळी फुले, दोन पाकळ्या वर कानासारख्या उभ्या. असे काही मी उभ्या आयुष्यात पाहिलेले नाही. नाव ठेवले 'नीलरामा'. माझे नाव रामहरी असल्याने योग्यच.

२५ ऑगस्ट, मंगळवार
शाळेचा जुना फळा चावडीसमोरच्या लिंबाला टांगला. पांढऱ्या रंगात मजकूर: 'काविळीचे औषध: नीलरामा. शोधक: रामहरी मास्तर. भोळ्या समजुती सोडा.' खाली निळ्या रंगात चित्र. रंगाचा डबा प्रयागने धरला होता. ती तो सारखा खाली ठेवत होती, दोनदा रागवावे लागले. गाव जमले. चित्र पाहून माणसे एकमेकांची तोंडे बघू लागली. ज्ञानाची पहिली चाहूल अशीच असते. फुलाबाईलाही कोणीतरी आणून दाखवले. तिने बराच वेळ पाहिले, तोंडाला पदर लावला आणि निघून गेली. म्हातारीचा पराभव पाहून मला क्षणभर वाईट वाटले.
१५ सप्टेंबरला डेप्युटी साहेब तपासणीला येणार. फळा पाहून थक्क होतील. बढती?

३ सप्टेंबर, गुरुवार
भाकरी करपली. विचारले तर म्हणते, वास सहन होत नाही, चूल पेटवली की मळमळते. दुपारीही आडवी. मी माळावरून तीन मैल चालून आलो, मी कोणाला सांगतो का दमलो म्हणून?

६ सप्टेंबर, रविवार
ग्रंथ: सदतीस वनस्पती. पैकी चौदा तरवड असाव्यात, अशी शंका आहे.
आज रंगांचे प्रकरण लिहीत होतो. प्रयाग समोर येऊन उभी राहिली, माझे डोळे बघा म्हणाली. मी म्हटले, उजेड अडतोय. तिने वहीवरचे तरवडाचे फूल उचलून स्वतःच्या डोळ्याशी धरले. हा काय चेष्टेचा वेळ? फूल चुरगळले. दुसरे आणायला पुन्हा माळावर जावे लागले.

७ सप्टेंबर, सोमवार
शेजारच्या बाबूलाल दुकानदाराची बायको बिबीजान न विचारता घरात शिरली. म्हणाली, भाभीला कावीळ हाय, सगळ्या आळीला दिसती. भिंगाने पाहिले. आहे. मी केव्हाच ओळखली असती, पण घरात उजेड कमी. असो. काळजीचे कारण नाही. औषध मीच शोधलेले आहे. नीलरामाचा रस, दिवसातून तीनदा, पेला भरून.

१० सप्टेंबर, गुरुवार
रस पोटात ठरत नाही. गुण येण्याआधी रोग बाहेर पडतो, तसेच असणार. मात्रा वाढवली.

१२ सप्टेंबर, शनिवार
भिंतीकडे तोंड करून पडून असते. पाणीसुद्धा मागत नाही. स्वयंपाक मी करतो, त्याची कोणी दखल घेत नाही. मनात एक भलता विचार आला. तो लिहीत नाही.

१३ सप्टेंबर, रविवार
बिबीजानने बाबूलालची गाडी जुंपायला लावली आणि प्रयागला फुलाबाईकडे नेले. मला विचारलेही नाही. निरीक्षक म्हणून मागून गेलो. चाळीसएक माणसे बसली होती. फुलाबाईने प्रयागच्या पापण्या वर करून पाहिल्या, लई येळ केला म्हणाली. गोळी उचलली आणि थांबली. मग माझ्याकडे वळून सर्वांदेखत म्हणाली की त्या दिवशी ती शेळीला चारायला केना कापत होती. औषधाला ती रविवारी जाते, आणि मास्तर झुडपात बसले होते शनिवारी. माणसे हसली. हसणे थांबल्यावर म्हातारीने मला हात जोडले.
"मास्तर, तुमी फळ्यावर लिवलंय, मला नाव ठावं हाय म्हनून. मग तुमच्या घरात माजा हात कसा चालंल? मला ठावं न्हाय, एवढंच म्हना. ह्या घडीला देते."
प्रयाग माझ्याकडे बघत होती. हळदीहून उजळ, लिंबाहून गडद. नोंद तंतोतंत जुळली.
परवा डेप्युटी साहेब. फळा लिंबावर. चाळीस साक्षीदार, शिवाय बिरदेव. दडपणाखाली मत बदलणे शास्त्रज्ञाला शोभत नाही. मी म्हणालो, विचार करून सांगतो.
फुलाबाई थांबली होती. मी विचार करीत होतो. प्रयाग आपणच उठली, भिंतीला धरून गाडीपर्यंत गेली.

१४ सप्टेंबर, सोमवार
मेहुणा कुंडलिक भिगवणहून आला, बहिणीला उचलून गाडीत निजवले आणि घेऊन गेला. पथ्य काय ठेवायचे ते मी सांगत होतो. तिने डोक्यावरून पांघरूण ओढले. चिडचिड हे काविळीचे लक्षणच आहे.
घर शांत. परवाच्या, म्हणजे उद्याच्या, तयारीला बरे.

१५ सप्टेंबर, मंगळवार
डेप्युटी साहेबांनी फळा वाचला. पट्टेवाल्याला जवळ बोलावून त्यालाही वाचायला लावला. म्हणाले, मास्तर, हा तर केना, आमच्या घरी याची भजी करतात. पट्टेवाला म्हणाला, आमी म्हशीला घालतो. शेरेबुकात लिहिले: 'फळा शाळेत परत न्यावा.' साहेबांचे बॉटनी कच्चे. फळा काढलेला नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

४ ऑक्टोबर, रविवार
कुंडलिकचे कार्ड. प्रयाग उठून बसू लागली. आठ दिवस जाते की राहते असे होते. औषध फुलाबाईचेच. प्रयाग आता मास्तरांच्या घरात राहत नाही, तेव्हा हात चालतो, असे म्हातारीने ठरवले म्हणे. कुंडलिक दोन रविवार येऊन गोळ्या घेऊन गेला. म्हणजे दोनदा माझ्या दारावरून गेला आणि आत आला नाही. शेवटी लिहितो, या घरी परत आली तर गुण जाईल, सबब पाठवीत नाही. केवढी ही भोळी समजूत! दिवाळीला येईल आपोआप.

२२ ऑक्टोबर, गुरुवार
कशालाच चव नाही. माझ्या हातच्या भाकरीचा दोष. चूल पेटवली की मळमळते. धूर फार.

२५ ऑक्टोबर, रविवार
दाढी करताना आरशात पाहिले. आरसा जुना आहे, काच पिवळी पडली असावी. बाबूलालच्या दुकानातला नवा आरसा पाहिला. तोही तसाच. बिबीजान गल्ल्यामागे बसली होती. माझ्याकडे पाहिले आणि गल्ला मोजू लागली.
नीलरामाचा रस घेतला नाही. का, ते लिहीत नाही.

१ नोव्हेंबर, रविवार
पहाटेच रांगेत जाऊन बसलो. तरी शेवटचाच नंबर. बिबीजान कुठल्याशा नातेवाइकाला घेऊन आली होती. फुलाबाईने माझ्या पापण्या वर केल्या, गोळी उचलली, थांबली. तिने विचारायच्या आत मीच म्हणालो, मला ठाऊक नाही. तिला कमी ऐकू येते म्हणे. पुन्हा म्हणालो. घरी निघालेली माणसे परत बसली. तिसऱ्यांदा ओरडून म्हणालो. फळा चूक आहे हेही म्हणालो, ते कोणी विचारले नव्हते. म्हातारी हसली नाही. गोळी दिली.
जिभेवर घोळवून पाहिली. वनस्पती ओळखता आली नाही.
उठताना बिबीजान म्हणाली, "येवढंच हुतं व्हय, मास्तर? भाभीच्या वक्ताला मला वाटलं, लई जड हाय."
येताना फळा काढला. कोणी पाहायलाही थांबले नाही.

१५ नोव्हेंबर, रविवार
तिसरी गोळी झाली. गुण आहे. डोळे पांढरे होत आहेत. भूक लागते.
दिवाळीचे लक्ष्मीपूजन आले आणि गेले. कुंडलिकला मागेच सविस्तर पत्र टाकले होते. फळा उतरवला आहे, नाव मला ठाऊक नाही असे मी सर्वांसमोर तीनदा सांगितले आहे, साक्षीदार आहेत, घरात आता बाध नाही, तरी प्रयागने निघावे. काल उत्तर आले. एकच ओळ: 'प्रयाग म्हणते, तिच्यासाठी एकदा म्हटले असते तर आली असती.'
पत्र चारदा वाचले. अक्षर कुंडलिकचेच आहे.
ग्रंथ बंद. वर्तमानपत्रे चुलीत घातली, छान पेटली. दाराशी केना माजला आहे. भजी करून खावी म्हणतो. कशी करतात, मला ठाऊक नाही.