वीस फॉर्म, एकच उत्तर

मंगळवार, संध्याकाळ. गोंदिया.

शून्य दिलं मी तिला!

माझी विद्यार्थिनी सरिता गेल्या आठवड्यात चिचगड गावात सर्व्हे करून आली. प्रश्न होता, दुखण्याखुपण्यात कोणाचं ऐकता? वीस बायांचे वीस फॉर्म, आणि विसांवर एकच उत्तर: आशाताईचं. घरी बसून भरलेस, असं मी तिला भर वर्गात म्हटलं. ती म्हणाली, "नाही मॅडम, बाया एकेकट्या बोलूनच नाही राहिल्या. पयले आपसात बोलल्या, मंग एकच सांगितलं." मी हसले.

आज तासाच्या तयारीला आफ्रिकेतल्या एका प्राध्यापकाचा लेख घेतला. पाश्चात्त्य संवादसिद्धान्त प्रत्येक माणूस सुटा धरतो, तो लिहितो. त्याच्याकडे गावात मत एकट्याचं नसतं, बसून ठरतं. किती खरं, म्हणत मी खाली रेघसुद्धा मारली. आणि एकदम सरिता आठवली. वीस फॉर्म!

आफ्रिकेचं लगेच पटलं, चिचगडचं काऊन नाही? मी तरी कुठली? दवनीवाड्याची, खेड्यातलीच. दारात सर्व्हेवाला आला की आई आधी शेजारच्या काकूला हाक मारायची, "ये वं, काय सांगाचं याले?"

उद्या माफी मागायची. भर वर्गातच.

आईलाही मी शून्यच दिलं असतं.