चायनं उपास मोडत नाय

आये, तुझ्या एका वाक्यापायी माझं काळीज दोन महिने आतल्या आत फुगडी घालत होतं, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. शाळेत बाईंनी पत्राचा मायना घोकून घेतलेला, पण तुला अक्षरच ओळखता येत नव्हतं, मग मायना कुणासाठी लिहू. बरंच झालं म्हणा. मला हवं ते लिहिता येईल. आत्ता सकाळ आहे, गोळी घेऊन झालीय, चहाला वेळ आहे, आणि उद्या ठाण्याला फुगडीची स्पर्धा आहे. त्यात मी आहे. हो, मीच. नातवंडांची आजी, नवरा गेलेली, गुडघ्याला तेल चोळणारी तुझी लेक उद्या स्टेजवर गिरक्या घेणार आहे, आणि कालपासून माझं कशातच लक्ष नाही. आमटीत मीठ दोनदा पडलं. सून म्हणाली, "आई, उद्यापर्यंत स्वयंपाकघर माझं."

गोळी कसली ते आधी सांगते. आपल्या गळ्यात पुढच्या बाजूला एक ग्रंथी असते, सगळ्यांच्याच असते. ती चुलीसारखी, तिच्या धगीवर सगळं अंग चालतं. माझी चूल मंदावलेली. हे गेले त्यानंतर वर्षभर मी नुसती पडून असायचे, भर मे महिन्यात गोधडी घ्यायचे, केस मुठीनं गळायचे. भेटायला येणारे म्हणायचे, फार जीव होता नवऱ्यावर. सुनेनं धरून नेऊन रक्त तपासलं तर थायरॉईड निघाला. दुःख होतंच गं, पण अर्धा मान थायरॉईडचा होता, तो उगाच ह्यांना मिळत होता. फोटोसमोर उभी राहून तसं मी त्यांना सांगितलंसुद्धा. तेव्हापासून रोज सकाळी रिकाम्या पोटी एक बारीक पांढरी गोळी. तरी दर तपासणीला रक्तात थायरॉईड कमीच भरायचा, म्हणून डॉक्टरीणबाईनं दोनदा गोळीची ताकद वाढवली. मी म्हटलं, वाढवा, गिळायला काय, एवढीशी तर आहे.

यंदा आंब्याच्या दिवसांत आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांनी फुगडीचा ग्रुप काढला. सगळ्या कोकणातल्या, सगळ्यांना गौरीची रात्र आठवते आणि सगळ्यांचे गुडघे कुरकुरतात. मला जोडीदारीण मिळाली ती दुसऱ्या मजल्यावरची, माझ्याहून दुप्पट जाड आणि तोंडानं चौपट. कोणीतरी हळूच विचारलं, हिरवं नेसायचं ठरलंय, पण ह्यांना चालेल का, म्हणजे मला. तर ही जोडीदारीण म्हणते, "तिला चालेल. तुला बघवणार नसेल तर तू डोळे मिटून नाच." तू लग्नात मला दिलेलं हिरवं लुगडं मी त्याच दिवशी ट्रंकेतून काढलं. "गौरीला हे नेसूनच फुगडी घाल," म्हणालेलीस. आये, त्याला अजून तुझ्या पेटीतल्या कापराचा वास आहे. का मलाच येतो, कोण जाणे.

तालीम सकाळीच, गच्चीवर, ऊन चढायच्या आत. आणि जोडीदारणीचा नियम असा की आधी चहा प्यायचा नाही, गिरकीत पोटात डुचमळतो. म्हणून मी गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, गच्चीवर पळायचं, आणि चहा खाली आल्यावर. एवढाच फरक. पण बघता बघता मी अशी काही पेटले की विचारू नकोस. भल्या पहाटे जाग यायची, दुपारची झोप उडाली, ब्लाउज सैल झाले, चार-चार कामं एका दमात उरकायचे. पंखा पाचावर ठेवायचे आणि सून चादर पांघरायची. बायका म्हणायच्या, काय तरुण दिसायला लागलात हो. मला वाटलं, स्पर्धेची उमेद. कळव्याच्या ग्रुपला यंदा हरवायचंच, त्यांच्यात चाळिशीच्या वरची एक नाही, त्याचंच हे वारं अंगात भरलंय.

मग आषाढात एक दिवस गच्चीवर फुगडी थांबली, मी थांबले, पण आतली थांबेना. छातीत धडधड, मध्येच एक ठोका गाळल्यासारखा, मग दोन घाईघाईनं. मी टाकीला टेकून बसले. जोडीदारीण म्हणाली, "काय झालं गं, चेहरा का असा?" म्हटलं, "तुझं वजन ओढून दमले." ती हसली आणि मी सुटले. पण आये, मला तू दिसलीस. भात झोडून आलीयस, उंबऱ्यावर बसलीयस, हात छातीवर, आणि मी पाणी पुढं करते तर म्हणतेस, "थांब गो, पाखरू फडफडतंय." मग मी लग्न होऊन इकडे आले, आणि एका सुगीत निरोप आला की पाखरू उडालं. मला वाटलं, तेच आता माझ्याकडे वस्तीला आलं. कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर फुगडीतून नाव कापलं असतं. रात्री कुशीवर झोपले की उशीतून ठोके ऐकू यायचे. मग मी उताणी झोपून जोडीदारणीला घालायचे टोमणे जुळवत बसायचे.

पकडलं मला कपबशीनं. सुनेला चहा द्यायला गेले तर बशीत कप नुसता खुळखुळत होता. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"आई, कधीपासून?"

"कप तडकलेला आहे."

"कप नवा आहे. मनगट द्या इकडे." घड्याळ बघून तिनं नाडी मोजली आणि चप्पल घातली. मी म्हटलं, अगं आज तालीम आहे. तर म्हणते, "तुम्ही आलात तर बरं, नाहीतर जोडीदारणीला बोलावते उचलायला."

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईनं छातीला चिकट्या लावून कार्डिओग्रामची पट्टी काढली, रक्त घेतलं. तो रिपोर्ट येईपर्यंत मी टिटवाळ्याच्या गणपतीला इतकं काय काय बोलले की त्यालाही लाज वाटली असेल. पट्टीत ठोके जलद होते, पण हृदयात दुसरं काही सापडलं नाही. रक्तात मात्र उलटंच. आधी कायम कमी असायचं, आता गोळी अंगाला जास्त होत होती. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"गोळी तीच, मग बदललं काय? कशी घेता ते सांगा बघू."

"रोज. एक दिवस चुकवत नाही. रिकाम्या पोटी."

"आणि चहा?"

"आता तालमीनंतर. आधी गोळीसोबतच घ्यायचे की, गिळायला."

सून माझ्याकडे बघायला लागली, बाई सुनेकडे. "आजी, चहा घेतल्यावर पोट रिकामं कुठं राहिलं?"

"चहा धरत नाहीत हो त्यात. एकादशीला चालतो, चतुर्थीला चालतो. जो उपास मोडत नाही तो पोट कसं भरेल?"

आये, बाई हसल्या नाहीत, तेवढं मात्र मानलं. म्हणाल्या, इतकी वर्षं चहा तुमची गोळी पुरती अंगी लागूच देत नव्हता, म्हणून रक्तात कमी दिसायचं, म्हणून आम्ही ताकद वाढवत गेलो. आता पाण्याबरोबर ती सगळीच्या सगळी लागली, म्हणून घोडं उधळलं. त्यांनी ताकद उतरवली, नाडी शांत करायची आणखी एक गोळी थोड्या दिवसांसाठी दिली, आणि सांगितलं की परत रक्त तपासेपर्यंत गिरक्या बंद. मी म्हटलं, स्पर्धा आहे हो. तर म्हणतात, छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर लपवायचं नाही, स्पर्धा गेली खड्ड्यात. मग पेन उचलून विचारलं, "हा चहाचा कायदा तुम्हाला शिकवला कुणी?" मी पटकन उत्तर दिलं. काय दिलं ते शेवटी सांगते.

पण कायदा कुणाचा ते तुला माहितीय. मी चुलीपाशी बसलेय, श्रावणी सोमवार, तू सकाळपासून पाण्यावर आणि मी हट्टानं तुझ्याबरोबर. पोटात आग पडलीय. तू गुळाचा काळा चहा पितळीत ओततेस, अर्धा माझ्या पुढ्यात सरकवतेस. मी विचारते, उपास मोडेल ना. तू पदरानं माझं नाक पुसत म्हणतेस, "चायनं उपास मोडत नाय गो. पाणीच हाय ते, जरासं रंगलेलं." असा चहा मला पुन्हा कुणी दिला नाही.

सगळा श्रावण मी गच्चीवर खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या आणि जोडीदारीण दुसरीचे हात धरून फिरली. जळून कोळसा झाला माझा. मुद्दाम ताल जलद करायचे, म्हणजे ती धापा टाकेल. परवा रक्ताचा रिपोर्ट आला. ठीक आहे. नाडीही आपल्या जागेवर. बाई म्हणाल्या, खेळा, पण दम लागला की थांबायचं. काल गच्चीवर पहिली गिरकी घेतली, जोडीदारीण ओरडतेय, "हळू, म्हातारे," आणि मला तुझं दटावणं आठवतंय, डोळे मिटलेस की पडलीस, समोरचीच्या नाकाकडे बघ. मी तिच्या नाकाकडे बघितलं. भलंमोठं आहे, सोयीचं पडतं. थांबलो तेव्हा मी मनगट धरून बघितलं. जलद होतं, मग हळूहळू खाली आलं, शेतावरून घरी आलेल्या माणसासारखं. नुसता आनंद होता तो.

आता चहाची वेळ झाली. सून आधण ठेवतेय. हा कागद कुठं टाकायचा नाही, लुगड्याच्या घडीत ठेवते, उद्या कमरेला बांधून फिरेन.

तेवढं राहिलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं ना, कायदा कुणी शिकवला. मी सांगितलं, माझ्या सासूनं. तुझ्यावर कुणी हसलेलं मला नको होतं, मी हसले तर वेगळं. बाहेर आल्यावर सून जिन्यात म्हणाली, "आई, तुमच्या सासूबाई तर आयुष्यात चहा प्यायल्या नव्हत्या ना?" मी म्हटलं, पायऱ्या बघून उतर. तिकडे सासू भेटली तर तूच समजूत काढ तिची.