थंडीला जायला वाट

मावशी, तुला वाचता येत नव्हतं आणि तुला जाऊनही आता तेरा वर्षं झाली, तरी लिहिते आहे. यंदा पळसदरीला थंडी जरा जास्तच पडली. सकाळी धरणाकडून येणारी माणसं कानाला मफलर गुंडाळून येतात, आणि रोज कुणी ना कुणी नर्सरीच्या दारात उभं राहून सांगतं की आमची पपई काळी पडली, जास्वंदीची पानं गळाली, आता काय करू. मी न अडखळता सांगते. संध्याकाळी पानांवर पाणी मारू नका, दुपारी मुळाशी द्या. बुंध्याभोवती पेंढा पसरा. झाकायचं तर कापडानं झाका, पानाला टेकू देऊ नका, ऊन वर आलं की काढून ठेवा. करपलेली फांदी दिसली तरी थंडी सरेपर्यंत कात्री लावू नका. ऐकणारा मान डोलावतो आणि तसंच करतो. पहिल्या हिवाळ्यात मला यातलं काही येत नव्हतं, हे पाहिलेलं माणूस तू एकटीच.

तेव्हा मी शेतीची पदविका घेऊन नुकतीच आले होते. बाबांनी ओढ्याकाठचा तुकडा दिला होता, तोही एका वर्षाच्या बोलीवर. नर्सरी जमली नाही तर जागा फार्महाऊसवाल्याला द्यायची, असं घरात ठरलेलं. तू वरच्या वाडीवरून पिशव्यांत माती भरायला मजुरीनं यायचीस. दुसऱ्याच दिवशी तू म्हणालीस, "हितं रोपं नको ठेवू गं. हा खळगा हाय. थंडी वरनं वाहत येते नि हितंच बसते." मला हसू आलं. "थंडी म्हणजे काय पाणी आहे का, वाहायला?" तू हातातली पिशवी भरत राहिलीस. "पाणीच समज," म्हणालीस. ओढा जवळ होता, पाणी घालायला सोपं होतं, म्हणून मी जायफळाची, सुपारीची, पपईची सगळी रोपं तिथंच मांडली. चारी बाजूंनी बाबांनी पूर्वी लावलेलं शेराचं दाट कुंपण होतं. वारा लागू नये म्हणून मी त्याला आतून प्लास्टिकही बांधून घेतलं. त्या कामाचा मला फार अभिमान वाटला होता.

पौषात थंडी उतरली, तशी मी रोपांवरही प्लास्टिक अंथरलं आणि दिवसभर तसंच ठेवलं. दुपारी तू त्याची एक कड उचललीस, तर आतून वाफ आली. "पोरी, रोपं राखतेस का भात शिजवतेस?" एवढंच म्हणालीस आणि दुसऱ्या कामाला लागलीस. मी प्लास्टिक काढलं, पण ते वाक्य मनात धरलं. म्हणूनच दुसऱ्या दिवशी एवढी भडकले असेन. भिसेगावच्या घरून सकाळी येऊन बघते, तर तू हातात कोयता घेऊन उभी आहेस आणि ओढ्याकडचं कुंपण बैलगाडी जाईल एवढं तोडलेलं आहे.

"कुणाला विचारून तोडलंस?"

"थंडीला जायला वाट नको? चारी अंगांनी कोंडलीस तर ती जाणार कुठं?"

"मला शिकवू नकोस. मी शिकूनच आले आहे. उद्यापासून येऊ नकोस."

तू कोयता पदराला पुसलास, कमरेला अडकवलास आणि वर चढून गेलीस. एकदाही मागे पाहिलं नाहीस. मी काटेरी फांद्या ओढून आणल्या आणि ती वाट बुजवायला लागले. अर्धी बुजली तोवर हात सोलवटले, म्हणून दिवस मावळायच्या आत उरलेलं तसंच टाकून घरी गेले.

त्या वर्षीची सगळ्यांत कडक थंडी नेमकी त्याच रात्री पडली. सकाळी मी बघते, तर मोकळ्या राहिलेल्या बाजूची रोपं हिरवीगार उभी आहेत, आणि मी बुजवलेल्या बाजूची पानं उकडलेल्या पालेभाजीसारखी काळी होऊन लोंबताहेत. एकाच मातीतली, एकाच आठवड्यात लावलेली रोपं.  मग चप्पल घट्ट करून वाडीची चढण धरली.

तू चुलीपाशी नाचणीची भाकरी थापत होतीस. वाटेत मी माफीची वाक्यं जुळवली होती, पण दारात उभं राहिल्यावर तोंडातून वेगळंच आलं. "मावशी, अर्धी रोपं गेली."

"बुजवलंस त्या अंगाची?" तू वर न बघता विचारलंस.

"हो."

"मंग बस. चहा घे."

गवती चहाचा पेला माझ्या हातात देऊन तू विचारलंस, "शेळ्या घुसल्या का?" मी नाही म्हटलं. "घुसतील. त्या वाटंत कारव्यांची विरळ ताटी लावू. थंडी जाईल, शेळी अडंल." म्हणजे मी हाकलल्यावरही तू माझ्या कुंपणाचा विचार करत होतीस. पेला रिकामा होईपर्यंत माझी माफी मागून झाली नाही, आणि तूही तिची वाट पाहिली नाहीस. भाकऱ्या झाकून माझ्याबरोबर खाली उतरलीस.

त्या आठवड्यात आपण उरलेली रोपं एकेक करून वर कातळाच्या कडेला नेली. ऊन कलल्यावर तू माझा हात धरून त्या काळ्या दगडावर ठेवतेस. "बघ, अजून ऊन हाय ह्याच्यात." खरंच दगड उबदार आहे. ती रोपं जगली, पावसाळ्यात विकली गेली, आणि बाबांनी जागेचा विषय पुन्हा काढला नाही. तुझ्या एका गोष्टीशी मात्र मी आजही सहमत नाही. तू रोपांजवळ तुसाचा धूर करायचीस. धुरानं ऊब येत नाही, खोकला येतो. मी ते बंद केलं आणि दुपारी माती भिजवायला लागले. ओली माती दिवसाचं ऊन जास्त धरून ठेवते. तुझा कातळ जे करतो, तेच. मी अनेक हिवाळे ते करून पाहिलं आहे. तू वाद घातला असतास, पण जिंकली नसतीस.

मागच्या हिवाळ्यात खालापूरकडच्या एका बंगल्यावर बोलावणं आलं. उतारावर सुंदर बाग, खालच्या बाजूला उंच दगडी भिंत, आणि भिंतीलगतची सगळी झाडं काळवंडलेली. मी गवंडी बोलावून भिंतीच्या तळाचे दगड काढायला लावले आणि तिथं जाळी बसवली. यंदाच्या थंडीत नवी पालवी टिकली. मागच्या महिन्यात मालकांनी मला बोलावून पाहुण्यांसमोर विचारलं, "हे कुठं शिकलात?" मी म्हटलं, "अनुभवानं येतं सगळं." हे उत्तर मी काही पहिल्यांदा दिलेलं नाही. वाडीवरच्या मजूर बाईनं शिकवलं म्हटलं तर माझ्या शब्दाला वजन राहणार नाही, असं सुरुवातीला वाटायचं. पुढे तेच उत्तर तोंडात बसलं.

तुझी नात आता भिवपुरीला नोकरीला जाते. तिला छान वाचता येतं, म्हणूनच हे पत्र वाडीवर जाणार नाही. त्या दिवशी खालापूरहून परत येताना मी खोटं बोलले हे मला कळत होतं. पण खरं सांगू, मावशी? मला फार बरं वाटत होतं.