हिरव्या फांद्या

प्रिय टिल्लू,

यंदा ब्लॅकबेरी का लागली नाही, असं तू फोनवर विचारलंस आणि मी म्हटलं, कीड पडली. कीडबीड काही नव्हती. फांद्या मी कापल्या.

आपली झुडपं मूळची रानातलीच, तुझ्या बाबांनी ओढ्याकाठून आणून कुंपणाला लावलेली. ब्लॅकबेरीची फांदी पहिल्या वर्षी नुसती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. म्हणून फळं संपली की तपकिरी पडलेली जुनी फांदी बुडातून काढायची, हिरवीला हात लावायचा नाही. तीस वर्षं हे काम बाबांचं. मी मागे टोपली धरून उभी. मला काटा लागला की म्हणायचे, झाड ओळखतं गं परक्याला.

गेल्या वर्षी त्यांना चार पावलांतच धाप लागायला लागली. खिडकीशी खुर्ची टाकून बसले आणि तिथून सांगू लागले. म्हणाले, हिरव्या काप. मी थांबले, वळून पाहिलं. ते अगदी खात्रीने बोट दाखवत होते. त्या आठवड्यात मी त्यांना आधीच दोनदा टोकलं होतं. एकदा गोळ्या पुन्हा घेतल्या म्हणून, एकदा शेजारणीला तुझ्या नावाने हाक मारली म्हणून. तिसऱ्यांदा टोकायचं जिवावर आलं. कापल्या. सगळ्या. ओली फांदी कापताना आवाजसुद्धा होत नाही.

या उन्हाळ्यात कुंपण वाळकंच राहिलं, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, अगं, मी चुकीचं सांगितलं, तुला कळलं नाही? मी म्हटलं, मला काय कळतंय झाडातलं. मग म्हणाले, खोटं बोलायला कधी शिकलीस?

दरवर्षी तू फळांच्या दिवसांत येतेस. यंदा फळ नाही म्हटल्यावर तू म्हणालीस, मग पुढच्या वर्षीच येते, आणि मी बरं म्हणून फोन ठेवला. नवे कोंब आता माझ्या खांद्याला लागलेत, पुढच्या उन्हाळ्यात भरपूर फळतील. पण काल डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, हिवाळ्यापुढचं काही धरून चालू नका. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. तरी 'पुढच्या वर्षी' हे शब्द त्यांनी बोलण्यातून काढून टाकलेत. तुझ्याशी मात्र आता खोटं बोलवत नाही. फळांची वाट बघू नकोस. याच आठवड्यात ये.

तुझीच,
आई