कोयता माळ्यावर

स्टुलावर उभी राहून मी कोयता माळ्यावर आत सरकवते आहे, बाबा, आणि खालून भावजय म्हणते, “ताई, माळ्यावर केळी पिकत घालतात. कोयते नाही पिकत.” ती विरारच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, तिला सगळ्याची गंमत वाटते. मी तुमचंच उत्तर देते, बाहेर गंजतो. ती मांडीवरच्या बाळाला सांगते की तुझ्या आत्याला गंजाची फार भीती. मग त्याच सुरात उद्याचं विचारते. उद्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. धर्ममाता मी व्हावं, वेदीपुढे उभं राहून बाळाला मी धरावं, असं तिच्या मनात आहे. मी नाही म्हटलं आहे.

कोयता पूर्वी मागच्या दाराशी खुंटीला असायचा. मला आवाज ऐकू यायला लागले, इस्पितळात ठेवलं, आणि मी घरी आले तेव्हा खुंटी रिकामी होती. पहाटे केळीच्या वाडीत जाताना तुम्ही तो माळ्यावरून काढायचात, परत आल्यावर धुऊन वर ठेवायचात. एकदा सणाला पाहुण्यांसाठी केळीची पानं हवी होती. कोयता तुम्ही विहिरीच्या काठावर विसरला होता. मी तो उचलते आणि तुम्ही केळींमधून येता. धावत नाही. “ठेव तो खाली,” म्हणता. आवाज हळू, साप दिसल्यावर शेजारच्याला सांगतात तसा. मी ठेवला. पानं तुम्ही कापलीत, माझ्या हातांवर दिलीत, पाठीवरून हात फिरवलात. तो थरथरत होता.

कुणासाठी घाबरलात, ओट्यावर खेळणाऱ्या धाकट्या भावासाठी की माझ्यासाठी, हे मी विचारलं नाही. मी कुणावर कधी हात उचलला नव्हता, पुढेही उचलला नाही. तरी उत्तर मी ठरवून टाकलं. तुम्ही गेलात तेव्हापासून कोयता मी वर ठेवते, विळीही. मला कुणी सांगितलेलं नाही. बाळाला घेते ती जमिनीवर बसून, भिंतीला पाठ लावून, घरात आणखी कुणी असेल तेव्हाच. भावजयीला वाटायचं, माझे गुडघे दुखतात.

मी स्टुलावरून उतरले आणि आज तिला हे सांगितलं. आवाजांसाठीच्या गोळ्यांचं तिला ठाऊक होतं, धाकट्याने लग्नाआधीच सांगितलं होतं. कोयत्याचं नव्हतं. ती बाळाचं पांढरं टोपडं हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, “फादरना तुमचं नाव देऊन झालंय. मी बदलणार नाही. नाही आलात तर तुमची जागा रिकामी राहील. लोक बघतील, बघू देत.”

गोळ्यांनी बाकीचे आवाज गेले, बाबा. वर्षं झाली. तुमचा गेला नाही. बाळ माझ्याकडे झेपावतं तेव्हा तो येतो, तितकाच हळू. डॉक्टर दर वेळी विचारतात, काही ऐकू येतं का. मी नाही म्हणते. तो आजारातला नाही, घरातला आहे.

तुमच्या कबरीवर मी फुलं नेते, हा कागद नेणार नाही. तुम्ही होता तेव्हा विचारता आलं असतं. तुम्ही धाकट्याचं नाव घ्याल याची भीती होती. अजून आहे.

कालचा कागद पुन्हा पुढे घेतला आहे, बाबा. आज सकाळी चर्चमध्ये बाळाला मी उभी राहून धरलं. हात थरथरले, गोळ्यांनी थरथरतात. भावजय शेजारी होती. तिने आधाराला खालून हात लावला नाही. घरी आल्यावर नारळ फोडायला कोयता हवा होता. माळ्यावरून मीच काढून दिला.