अकरा हजारांनी पडलेले लॉर्ड

अल मजाज, शारजा

ती. बाबांना मुग्धाचा नमस्कार.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून गावी निघालेल्या शेजाऱ्यांच्या हाती हे पत्र देतेय.

आम्ही मजेत. तुमची नात अस्मिता मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, पण आंबोळ्या चार खाते.

शनिवारी मी एका म्हाताऱ्या इंग्रज लॉर्डांचं आत्मचरित्र टाइप करते. ते इथे लेकीकडे राहतात. घरात सात पिढ्यांची जहागीर, तरी हे निवडणूक लढवून खासदार झाले, मंत्री झाले आणि शेवटी पडले. त्यांच्याकडे निकालाला सगळे उमेदवार एकाच स्टेजवर असतात. पडलेल्याने तिथेच जिंकलेल्याशी हात मिळवायचा.

"ते सोपं होतं," लॉर्ड म्हणाले. "अवघड होतं ते सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात पेपर आणायला जाणं."

पण गेले. दुकानदार विरोधकांचा माणूस. त्याने पेपर दिला आणि कुत्र्याचा पाय बरा झाला का, एवढंच विचारलं.

मी सांगितलं, माझे बाबा सरपंचपदाला नऊ मतांनी पडले आणि महिनाभर त्यांनी उंबरा ओलांडलेला नाही. लॉर्ड म्हणाले, "फक्त नऊ? मी अकरा हजारांनी पडलो होतो." त्यांना चक्क तुमचा हेवा वाटला.

गुडघा कसा आहे? आईचं बीपी?

बाबा, टपरीवर जा. तिथे रोज तुमचा बिनसाखरेचा चहा ओतला जातो आणि गार होतो, असं आई म्हणाली. तो चहा सांगणारा नवा सरपंचच आहे.

तुमच्याइतकीच हट्टी,
मुग्धा